एका रुपयाचे तीन रुपये?
कर्मचारी आरोग्य कार्यक्रमांच्या हिशेबाची एक तपासणी

‘कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर एक रुपया खर्च करा, तीन रुपये परत मिळतील,’ अशा अर्थाचे विधान व्यवस्थापनाच्या चर्चासत्रांत आणि वृत्तपत्रांच्या उद्योगविषयक पानांवर वरचेवर भेटते. रक्तदाब व साखर यांची तपासणी, वजन घटवण्याच्या स्पर्धा, योगवर्ग, तंबाखू सोडण्यासाठी सल्ला, रोज किती पावले चाललो याची नोंद, असे या कार्यक्रमांचे साधारण स्वरूप असते. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे. निरोगी माणूस कमी रजा घेतो, अधिक काम करतो, त्याच्या औषधपाण्यावर कमी खर्च होतो. म्हणून मालकाचा फायदा आणि कामगाराचाही फायदा.

युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण पटण्याजोगे असणे आणि खरे असणे यांत अंतर असते. ते अंतर कसे मोजायचे, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावचा एखादा शिक्षक (सेवागिरी महाराजांचे साताऱ्याकडील पुसेगाव वेगळे) येथे विचारील, की सोयाबीन, कापूस आणि हळद पिकवणाऱ्या आमच्या भागाला या कंपन्यांच्या गोष्टी कशाला? आमच्या मते दोन कारणांनी. पहिले म्हणजे, असेच दावे वेश बदलून शाळेतही येतात. अमुक उपक्रम केला आणि मुलांची हजेरी वाढली, तमुक पेय दिले आणि गुण वाढले, वगैरे. हे दावे तपासण्याचे साधन एकच आहे आणि ते नववीच्या विद्यार्थ्यालाही पेलते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मराठवाड्यातील ज्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांत हिंगोलीही आहे. ‘कामाच्या ठिकाणचे आरोग्य’ हा प्रश्न तेथे अतिशय प्रखर रूपात उभा राहतो. त्याकडे आपण लेखाच्या शेवटी वळू.

आकडा कोठून आला?

हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या तीन अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. पूर्वी प्रसिद्ध झालेले अनेक अभ्यास एकत्र करून त्यांनी सरासरी काढली. कार्यक्रमावरील प्रत्येक डॉलरमागे औषधोपचाराचा खर्च सुमारे ३ डॉलर २७ सेंटने आणि गैरहजेरीमुळे होणारा खर्च सुमारे २ डॉलर ७३ सेंटने कमी झाला, असे त्यांना आढळले. ‘एकाचे तीन’ हे सूत्र पुढे जगभर पसरले ते मुख्यतः येथून.

लेखकांचे गणित चुकलेले नव्हते. अडचण होती ती ज्या अभ्यासांची सरासरी काढली त्यांच्या रचनेत. त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत कार्यक्रमात भाग घेतलेल्यांची तुलना भाग न घेतलेल्यांशी केलेली होती, किंवा त्याच माणसांची आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली होती. या दोन्ही पद्धतींत एकेक खड्डा आहे.

स्वतःहून आलेली माणसे

समजा, पुसेगावातील एका शाळेने सकाळी साडेसहाला ऐच्छिक व्यायामवर्ग सुरू केला. वर्षाअखेरीस हजेरीपट तपासला, तर वर्गाला येणाऱ्या मुलांची शाळेतील हजेरी न येणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली. व्यायामाने हजेरी वाढली असे म्हणावे काय?

जरा विचार करा. पहाटे उठून येणारी मुले कोण असतील? ज्यांचे घर शाळेजवळ आहे, ज्यांना सकाळी जनावरांचे शेणपाणी करावे लागत नाही, धाकट्या भावंडाला सांभाळावे लागत नाही, जी मुळात धडधाकट आहेत आणि ज्यांना शाळेची गोडी आहे. त्यांची हजेरी व्यायामवर्ग नसतानाही चांगलीच असती. व्यायामाचा काही परिणाम झालाही असेल, पण या तुलनेतून तो वेगळा काढता येत नाही. आपण दोन गटांतील मूळचाच फरक मोजला आणि त्याचे श्रेय व्यायामाला दिले.

कंपन्यांतही हेच घडते. फुकट तपासणीला आणि चालण्याच्या स्पर्धेला उत्साहाने नाव नोंदवणारा कर्मचारी बहुधा आधीपासूनच आरोग्याबाबत जागरूक असतो. ज्याला खरी गरज आहे तो लाजेने, भीतीने किंवा दोन पाळ्यांच्या थकव्याने दूर राहतो.

फाशांचा खेळ

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. तो वर्गात करून पाहण्याजोगा असल्याने आम्ही त्याची कृतीच देतो.

वर्गातील ६० विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन फासे एकदा टाकायला सांगा आणि बेरीज लिहून घ्या. सर्वांत कमी बेरीज आलेले दहा विद्यार्थी निवडा. त्यांची बेरीज साधारणपणे २, ३ किंवा ४ असेल, सरासरी साडेतीनच्या आत-बाहेर. आता या दहा जणांना पुढे बोलावून गंभीर चेहऱ्याने पाच मिनिटे उपदेश करा : फासे मन लावून टाकावेत, निष्काळजीपणा बरा नव्हे, इत्यादी. मग त्यांना पुन्हा फासे टाकायला सांगा. या वेळी त्यांची सरासरी ७ च्या आसपास येईल. उपदेशाने कामगिरी दुप्पट झाली!

मुले हसतील, कारण फासे उपदेश ऐकत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. दोन फाशांची दीर्घकालीन सरासरी ७ च असते. पहिल्या खेपेला योगायोगाने मागे पडलेले दुसऱ्या खेपेला आपोआप सरासरीकडे सरकतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. आता फाशांच्या जागी ‘गेल्या वर्षी सर्वाधिक रजा घेतलेले कर्मचारी’ ठेवा आणि उपदेशाच्या जागी आरोग्य कार्यक्रम. गेल्या वर्षी कोणाचा पाय मोडला होता, कोणाला कावीळ झाली होती. यंदा त्यांच्या रजा कमी होणारच. माणूस म्हणजे फासा नव्हे, त्याच्या रजांत योगायोगाचा वाटा काही अंशीच असतो. म्हणून ही घसरण फाशांइतकी पूर्ण होत नाही, पण होते. कार्यक्रम नेमका अशाच लोकांसाठी राबवला, की ती सगळी त्याच्या खात्यावर जमा होते.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा

दोन्ही खड्डे चुकवण्याचा उपाय खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे : चिठ्ठ्या टाकणे. कार्यक्रम कोणाला मिळावा हे उत्साहावर किंवा गरजेवर न सोडता चिठ्ठीवर सोपवायचे. मग धडधाकट आणि आजारी, उत्साही आणि आळशी, दोन्ही गटांत जवळपास सारखे विभागले जातात. सरासरीकडे परतणेही दोन्हीकडे सारखेच होते. त्यानंतर जो फरक उरतो तो कार्यक्रमाचा. मात्र ज्यांना चिठ्ठी लागली त्या सर्वांचा हिशेब धरायचा, प्रत्यक्ष आलेल्यांचाच नव्हे.

इलिनॉय विद्यापीठात २०१६ पासून असा प्रयोग झाला. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ यांनी विद्यापीठाच्या जवळजवळ ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठीच्या तत्त्वाने विभागणी केली. एका गटाला कार्यक्रमाचे आमंत्रण, दुसऱ्याला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधोपचाराचा खर्च, आरोग्यविषयक सवयी, उत्पादकता आणि कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेले आरोग्य यांत लक्षणीय फरक पडला नाही. तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले आणि ‘संस्थेला आमच्या आरोग्याची काळजी आहे’ ही भावनाही वाढली.

या प्रयोगातील सर्वांत बोधप्रद भाग पुढचा आहे. त्याच माहितीचे विश्लेषण संशोधकांनी मुद्दाम जुन्या पद्धतीनेही केले, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. तेव्हा व्यायामशाळेतील भेटी भाग घेणाऱ्यांत जवळपास दुप्पट दिसल्या. चिठ्ठीने ठरलेल्या गटांची तुलना केली, तर दोन्हींच्या भेटी जवळपास सारख्या! माहिती तीच, माणसे तीच, फक्त तुलना बदलली. भाग घेणाऱ्यांचा औषधोपचाराचा खर्च कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच कमी होता, हेही त्यांना आढळले.

दुसरा प्रयोग ‘बीजेज् होलसेल क्लब’ या दुकानांच्या साखळीत झाला. १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणे चिठ्ठीच्या तत्त्वाने निवडून तेथे कार्यक्रम राबवला. एकूण ३२,९७४ कर्मचारी या अभ्यासात होते. १८ महिन्यांनंतर नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तुलनेतील गटापेक्षा ८.३ टक्के-बिंदूंनी जास्त होते. वजनाकडे लक्ष देतो असे सांगणाऱ्यांचेही प्रमाण जास्त होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, औषधोपचाराचा खर्च, गैरहजेरी आणि कामाचा दर्जा यांत लक्षणीय फरक नव्हता. तीन वर्षांनंतरचे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही याच दिशेचे होते.

हा प्रयोग करणारे संशोधक कोण? झिरुई साँग आणि कॅथरीन बेकर. २०१० चा ‘एकाचे तीन’ हा आकडा देणाऱ्या तिघांपैकी दोघे! आपलाच गाजलेला निष्कर्ष त्यांनी अधिक कडक परीक्षेला बसवला आणि तो उत्तीर्ण झाला नाही, हे छापून जाहीर केले. विज्ञानाची पद्धत म्हणजे काय, हे मुलांना सांगण्यासाठी इतके चांगले उदाहरण सहसा हाती लागत नाही. खेद इतकाच, की २०१० चा आकडा जितका फिरला तितका २०१९ चा फिरला नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘परिणाम शून्य आहे’ असा होत नाही. लहानसा परिणाम या चाळणीतून निसटू शकतो, किंवा तो पुष्कळ वर्षांनी दिसू शकतो. पण अनिश्चिततेची मर्यादा धरूनही, औषधोपचाराचा खर्च व गैरहजेरी यांविषयी पूर्वी आलेल्या अंदाजांपैकी पाचांत चाराहून अधिक इलिनॉयच्या निष्कर्षात बसत नाहीत.

फायदा दिसतो तेथे काय असते?

तर मग कामाच्या ठिकाणी आरोग्यावर खर्च करणे व्यर्थ आहे का? मुळीच नाही. आसामातील एका चहामळ्यात २०१७ मध्ये चिठ्ठीच्याच तत्त्वाने प्रयोग झाला. चाळिशी ओलांडलेल्या आणि जवळचे नीट न दिसणाऱ्या ७५१ कामगारांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला लगेच चष्मे दिले, दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर. चष्मे मिळालेल्यांची रोजची पानतोडणी सरासरी २५ किलोवरून ३४.८ किलोवर गेली, म्हणजे सुमारे ३९ टक्के वाढ. आधी-नंतर एवढेच पाहणाऱ्याने हाच आकडा मिरवला असता. पण चष्मे न मिळालेल्यांचीही तोडणी २६ वरून ३०.४ किलोवर गेली होती, म्हणजे सुमारे १७ टक्के. ती कशाने वाढली याचे श्रेय चष्म्याला देता येत नाही. ते वजा करून चष्म्याचा परिणाम सुमारे २२ टक्के निघाला. चष्मा पोचवण्यासकट खर्च होता माणशी १० डॉलरच्या आसपास. एवढ्या स्वस्त उपायाचा एवढा मोठा परिणाम कामाच्या ठिकाणी क्वचितच नोंदला गेला असेल.

इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांतला १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच आहे. चीक काढणाऱ्या, रक्तक्षय असलेल्या कामगारांना ६० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांचे काम रक्तक्षय नसलेल्यांच्या बरोबरीला आले. शिवाय, अभ्यासकाळात कामगारांना जो थोडासा भत्ता मिळत होता, त्यातून त्यांनी पालेभाज्या अधिक खाल्ल्या. त्यामुळे लोहरहित गोळ्या घेणाऱ्यांचीही प्रकृती काहीशी सुधारली. हातात चार पैसे जास्त पडणे हेही औषधच ठरले.

हा भेद अमेरिकेतही दिसतो. पेप्सिको कंपनीच्या सात वर्षांच्या माहितीवरील २०१४ च्या अभ्यासात, आधीच जुनाट आजार असलेल्यांच्या उपचाराला मदत करणाऱ्या भागाने डॉलरमागे ३ डॉलर ८० सेंट वाचवले. सवयी सुधारण्याचा उपदेश करणाऱ्या भागाने वाचवले ५० सेंट, म्हणजे घातले तेवढेही परत आले नाहीत. हा अभ्यास चिठ्ठीचा नाही, म्हणून त्याचे वजन आपण कमी धरू.

या सर्वांतून आम्हांला एक सूत्र दिसते. ठराविक उणीव, ठराविक उपाय आणि त्या उणिवेचा कामाशी थेट संबंध असेल, तेथे फायदा दिसतो. ‘तुझ्या सवयी सुधार’ एवढेच सांगून बाकी काम, पगार आणि तास होते तसेच ठेवले, तर तो दिसत नाही.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली. हवेतील आर्द्रता राखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, अशा सोयी तेथे झाल्या. कामगारांचे आरोग्य आणि कल्याण हा आपल्या भरभराटीचा पाया आहे, हे जमशेटजींनी धंद्याचे सरळ तत्त्व म्हणूनच मांडले होते. त्यांनी तुलनेचा गट ठेवला नव्हता, म्हणून त्यावरून नफ्याचे प्रमाण काढणे योग्य नाही. पण यादी पाहा : यांतील प्रत्येक गोष्ट कामाची परिस्थिती बदलणारी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळालेली रविवारची साप्ताहिक सुट्टी हीसुद्धा आरोग्याचीच सोय. ती मात्र मालकांच्या हिशेबातून आली नाही. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळवली.

शिवाय अमेरिकी हिशेब जसाच्या तसा येथे लागूही होत नाही. तेथे कर्मचाऱ्याच्या उपचारांचा मोठा भार मालक उचलतो, म्हणून आजार घटला की मालकाचे पैसे वाचतात. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी ठरलेली आहे. कामगार ठणठणीत राहिला म्हणून मालकाची वर्गणी कमी होत नाही. आणि शेतमजूर, ऊसतोड कामगार तर या योजनेच्या बाहेरच राहिले आहेत.

आता ऊसतोडीकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्गातील काही मुले अचानक दिसेनाशी होतात आणि हंगामी वसतिगृहाची धावपळ सुरू होते, हे या भागातील शिक्षकांना सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे साधारण सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभराचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. वयोगट तंतोतंत सारखे नसल्याने ही तुलना सावधपणेच करावी. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

येथे ‘धंद्याचा फायदा’ हे माप लावून पाहा. गैरहजेरीचा खर्च कमी करणे हा आरोग्य कार्यक्रमाचा मुख्य लाभ म्हणून सांगितला जातो. पण ऊसतोडीत गैरहजेरीचा खर्च मालकावर पडतच नाही. दंडाच्या रूपाने तो कामगारच भरतो. उपचाराचा खर्चही त्याचाच. तेव्हा मालकाच्या वहीत आरोग्यावरील खर्चाचा परतावा जवळजवळ शून्य दिसणार. म्हणजे गरज जेथे सर्वांत मोठी, तेथेच या मापाने फायदा सर्वांत लहान ठरतो. चूक बेरजेत नाही, वही कोणाची यात आहे.

एल साल्वादोर या देशात २०१४-१५ च्या हंगामात ऊसतोड कामगारांना पाणी, सावली, ठराविक विश्रांती आणि सुधारलेला कोयता दिला. एका गटाची तोडणी माणशी दिवसाला ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेल्याची नोंद आहे. हा आकडा आम्हांला आवडतो. पण त्याला तुलनेचा गट नव्हता, आणि वाढ सावलीची किती, कोयत्याची किती हेही वेगळे करता येत नाही. न आवडत्या दाव्याला जी चाळणी लावली तीच आवडत्याला लावायला हवी. म्हणून हा पुरावा आम्ही आशादायक म्हणतो, सिद्ध म्हणत नाही. आणि समजा, काटेकोर प्रयोगात तोडणी किलोभरही वाढली नाही, तरी उन्हात राबणाऱ्याला पिण्याचे पाणी आणि स्त्रियांना शौचालय नाकारता येईल काय? काही सोयी फायद्याच्या म्हणून द्यायच्या नसतात. त्या देणे लागतो म्हणून द्यायच्या असतात.

शिक्षकांसाठी शेवटी एक सूचना. फाशांचा खेळ झाल्यावर विद्यार्थ्यांना मागील एखाद्या वर्षाचे हजेरीपट द्या, नावे झाकून. ऑगस्टमध्ये सर्वाधिक गैरहजर असलेली दहा मुले काढा आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे काय झाले ते मोजू द्या. कोणताही उपक्रम नसताना बहुधा त्यांची हजेरी सुधारलेली आढळेल. नंतर दिवाळीनंतरचे महिने घ्या. येथे काही नावे सरासरीकडे परतत नाहीत, त्यांच्यापुढील रकाने मार्च-एप्रिलपर्यंत रिकामेच राहतात. योगायोगाने झालेली गैरहजेरी आणि परिस्थितीने लादलेली गैरहजेरी यांतला फरक कोणती मुले ओळखतात, ते पाहा.